‘किक सिक्स’चं खापर किकरवर का फोडता?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलची एक क्लिप गेली कित्येक वर्षं फिरते आहे. 30 नोव्हेंबर 2013, जॉर्डन-हेअर स्टेडियम, ऑबर्न विरुद्ध अलाबामा. शेवटच्या सेकंदाला अलाबामाने मारलेली फील्ड गोलची (म्हणजे चेंडू दोन खांबांच्या मधून मारायची) किक तोकडी पडते, ऑबर्नचा ख्रिस डेव्हिस ती झेलतो आणि अख्खं मैदान पार करून टचडाउन करतो, म्हणजे सहा गुण; हीच ती ‘किक सिक्स’. ऑबर्न 34, अलाबामा 28. सोबतचा मजकूर साधारण असा असतो: ‘तीन किक हुकवलेल्या किकरने चौथीही हुकवली, हातातला सामना घालवला आणि त्या एका किकने त्याची कारकीर्द संपली.’

हे वाक्य तुकड्या-तुकड्याने चुकीचं आहे, आणि त्यात दोन कोवळ्या मुलांवर अन्याय होतो.

‘त्यानेच चौथीही हुकवली.’ नाही. आधीच्या तीन किक केड फॉस्टरच्या होत्या, शेवटची ॲडम ग्रिफिथची. फॉस्टर शेवटच्या वर्षाला होता, तर ग्रिफिथ हा जेमतेम संधी मिळालेला नवखा खेळाडू. दोन वेगळ्या मुलांना एकच समजून शिव्या घालणाऱ्यांनी सामना पाहिलेलाच नाही.

‘हातातला सामना घालवला.’ इथे जरा थांबायला हवं. किक मारली तेव्हा गुण 28-28 असे बरोबरीत होते. फील्ड गोल झाला असता तर तीन गुण आणि विजय. चेंडू बाजूने बाहेर गेला असता तर सामना ओव्हरटाइममध्ये गेला असता. म्हणजे नुसती किक हुकण्याने एकही गुण जात नव्हता. गुण गेले ते पुढच्या धावेत. तोकडा पडलेला चेंडू खेळात जिवंत राहतो, प्रतिस्पर्धी तो झेलून पळू शकतो. ऑबर्नचे प्रशिक्षक गस माल्झान यांनी टाइमआउट घेऊन डेव्हिसला मुद्दाम मागे, मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये उभं केलं. समोर अलाबामाची फील्ड गोलची तुकडी होती, म्हणजे बहुतेक सगळे किकरला आडोसा देणारे धिप्पाड लाइनमन. डेव्हिससारख्या वेगवान कॉर्नरबॅकला (बचावातल्या चपळ खेळाडूला) गाठणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. ही ऑबर्नची हुशारी आहे आणि तिचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं.

त्याआधीचंही बघा. 28-21 अशी आघाडी, पाच-सहा मिनिटं बाकी, अलाबामा ऑबर्नच्या 13 यार्ड रेषेवर. चौथा डाउन (म्हणजे चेंडू राखायची शेवटची संधी), एक यार्ड हवा. मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांनी फील्ड गोल घेतला नाही, टी. जे. येल्डनकडे चेंडू दिला आणि ऑबर्नने त्याला अडवलं. पुढे 32 सेकंद उरले असताना अलाबामाच्या बचावाने 39 यार्डांचा टचडाउन पास होऊ दिला. त्या दोन्ही क्षणी किकर मैदानात नव्हता.

फॉस्टरची 33 यार्डांची किक मात्र त्याचीच चूक होती, ते मान्यच करावं लागेल. पण त्याआधी त्याने 28 यार्डांवरून मारलेली किक बरोबर गेली होती. पेनल्टीमुळे ती रद्द झाली आणि पाच यार्ड मागून पुन्हा मारावी लागली. चौथ्या क्वार्टरमधली 44 यार्डांची किक तर ऑबर्नने ब्लॉक केली. त्यात स्नॅप (चेंडू मागे देणं) असतो, होल्डर (किकसाठी चेंडू धरणारा) असतो, समोरची फळी असते.

‘साधी किक होती.’ हेही काही जण पुढे जोडतात. ती 57 यार्डांची होती, म्हणजे जवळपास 52 मीटर. व्हॅन टिफिनने 1985 मध्ये केलेला अलाबामाचा सर्वांत लांब फील्ड गोलचा विक्रम नेमका 57 यार्डांचाच आहे. थोडक्यात, त्या मुलाला विद्यापीठाच्या विक्रमाशी बरोबरी करायला पाठवलं होतं.

आणि सर्वांत खोटा तुकडा: ‘कारकीर्द संपली.’

पोलंडमध्ये जन्मलेल्या ग्रिफिथला तेराव्या वर्षी जॉर्जिया राज्यातल्या कॅलहूनच्या एका कुटुंबाने दत्तक घेतलं. नवा देश, नवी भाषा आणि पूर्वी न खेळलेला खेळ, हे सगळं त्या किकच्या आधीच त्याच्या वाट्याला आलं होतं. 8 नोव्हेंबर 2014 ला बॅटन रूजमध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) विरुद्ध तीन सेकंद बाकी असताना त्याने 27 यार्डांवरून फील्ड गोल करून 13-13 अशी बरोबरी साधली. ओव्हरटाइममध्ये अलाबामा 20-13 ने जिंकलं. तोच शेवटचा क्षण, तेच दडपण, आणि या वेळी चेंडू खांबांच्या मधून. ही क्लिप मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

11 जानेवारी 2016 चा राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना क्लेमसनविरुद्ध होता. चौथ्या क्वार्टरमध्ये ग्रिफिथने 33 यार्डांवरून 24-24 केलं. लगेचच्या किकऑफला (खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकला) सेबन यांनी ऑनसाइड किकचा, म्हणजे चेंडू जवळच मारून आपणच परत मिळवायचा जुगार खेळला. ग्रिफिथने चेंडू अलगद असा उचलला, की मार्लन हम्फ्रीने तो हवेतच झेलला. दोनच चालींनंतर 51 यार्डांचा टचडाउन झाला आणि अलाबामाने सामना 45-40 असा जिंकला. त्या किकमध्ये फूटभर इकडे-तिकडे झालं असतं तर चेंडू क्लेमसनला ऐन मोक्याच्या जागी मिळाला असता. सेबन यांनी तो विश्वास ‘कारकीर्द संपलेल्या’ याच मुलावर टाकला होता. पुढच्या हंगामातही तोच किकर होता.

फॉस्टरला ऑबर्नच्या सामन्यानंतर ट्विटरवर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्या हंगामात तोवर त्याने 12 पैकी 11 फील्ड गोल केले होते, हे धमकी देणाऱ्यांना आठवायचं कारण नव्हतं. त्याची जर्सी 43 क्रमांकाची, म्हणून अमेरिकेचे 43 वे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला धीर देणारी चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहून पाठवली. ते वाचून बरं वाटलं, पण विशीतल्या पोराला खेळातल्या चुकीसाठी अशा आधाराची गरज पडावी याचा संतापच येतो.