चक्रीफुलाचा काढा म्हणजे टॅमिफ्लू नव्हे

फ्लूची साथ आली की एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. टॅमिफ्लू हे औषध चक्रीफुलातल्या शिकिमिक आम्लापासून बनतं, तेव्हा दोन फुलं पाण्यात उकळून रोज प्या; गोळ्यांची गरज नाही, कोरोनावरही चालतं, आणि मसाल्याच्या डब्यातलीच वस्तू असल्यामुळे अपाय काहीच नाही. यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच पुढची सगळी पटतात.

“औषध चक्रीफुलापासून बनतं.” बरोबर. त्यातलं शिकिमिक आम्ल १८८५ साली जपानी ‘शिकिमी’ झाडातून वेगळं केलं गेलं, नावही त्यावरूनच पडलं. वनस्पती, बुरशी आणि जिवाणू फिनाइलअ‍ॅलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं स्वतः घडवतात; त्या वाटेवरचा हा मधला टप्पा. शिकिमेटला (पेशीतलं शिकिमिक आम्लाचंच रूप) फॉस्फेट जोडलं जातं, त्यापासून ईपीएसपी आणि मग कोरिस्मेट ही पुढची संयुगं बनतात, आणि तिथून या अमिनो आम्लांकडे फाटे फुटतात. बहुतेक झाडांत शिकिमेट लगेच पुढे वापरलं जातं. चक्रीफुलात मात्र ते साठतं, वाळलेल्या फळाच्या वजनाच्या साधारण ३ ते ७ टक्के.

“म्हणजे काढ्यात औषध उतरतं.” इथेच गफलत आहे. उतरतं ते शिकिमिक आम्ल. ते पाण्यात सहज विरघळतं, एक ग्रॅमच्या फुलातून ३० ते ७० मिलिग्रॅम मिळू शकतं. पण टॅमिफ्लूतलं औषध आहे ऑसेल्टामिविर, आणि कच्च्या मालापासून तिथवर दहाएक रासायनिक पायऱ्या आहेत. आधी आम्लाचा इथाइल एस्टर करायचा. मग शेजारच्या दोन हायड्रॉक्सिल गटांवर पेंटॅनोन बसवून पुढे त्याचाच पेंटाइल ईथर करायचा. तिसऱ्या हायड्रॉक्सिलचं मेसिलेट (सहज सुटणारा गट) करून ते काढलं की इपॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं छोटं ताणलेलं कडं, मिळतं. त्यानंतर अझाइड (नायट्रोजनचं संयुग) वापरून कड्यावर दोन ठिकाणी नायट्रोजन आणायचा. अझाइड स्फोटक, त्यामुळे कारखान्यात सगळ्यात जपावं लागतं ते इथे.

एवढा खटाटोप कशासाठी? फ्लूच्या विषाणूवरच्या न्यूरामिनिडेझ या विकराच्या (एन्झाइमच्या) खाचेत रेणू घट्ट बसावा म्हणून. औषधाचा कार्बोक्सिल गट तिथल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या तीन रेणूंना धरतो, अमिनो गट तिथल्या आम्लधर्मी अमिनो आम्लांना, आणि पेंटाइल साखळी स्निग्ध कप्प्यात शिरते. शिकिमिक आम्लाकडे यातला फक्त कार्बोक्सिल आहे. भांड्यात उकळून बाकीचे गट येत नाहीत, पोटातही येत नाहीत. यकृत फक्त तयार औषधाचा एस्टर तोडतं.

“गोळ्यांची गरज नाही.” मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस; आणि लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतलं तर फायदा सर्वाधिक. गरोदर बाई, दमेकरी, म्हातारी माणसं यांनी काढ्यावर दोन दिवस काढले, तर नेमकी तीच वेळ हातची जाते.

“कोरोनावरही चालतं.” कोविडच्या विषाणूत न्यूरामिनिडेझच नाही. तिथे खरं ऑसेल्टामिविरही कामाचं नाही.

“अपाय काहीच नाही.” या वाक्याची आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते. स्वयंपाकातलं चक्रीफूल चीन आणि व्हिएतनामचं. त्याचा जपानी भाऊबंद, म्हणजे तोच शिकिमी, विषारी आहे. त्यातलं अ‍ॅनिसाटिन मेंदूतल्या गाबाचं (चेतापेशींना शांत ठेवणाऱ्या रसायनाचं) काम अडवतं, आणि झटके येतात. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चक्रीफुलाचा चहा पिऊ नका, असा इशारा दिला. तोवर सुमारे ४० जण आजारी पडले होते, त्यांत १५ तान्ही बाळं होती. जपानी फळ सहसा लहान असतं, पाकळ्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात आणि बडीशेपेसारखा गोड वास नसतो. पण वाळलेला, तुटका माल नजरेने ओळखता येत नाही, पूड तर नाहीच. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. बिर्याणीत एखादं फूल टाकणं वेगळं आणि रोज काढा पिणं वेगळं. तान्ह्या बाळाला तर हा काढा चमचाभरही देऊ नये. प्यायल्यावर उलट्या, थरथर, डोळ्यांची भिरभिर किंवा झटके दिसले, तर उरलेली फुलं पिशवीसकट घेऊन लगेच दवाखाना गाठा.