सूर्य तयार होता, कागद नव्हते

सूर्यापासून निघालेला प्रकाश १५ कोटी किलोमीटरचं अंतर साधारण ८ मिनिटं २० सेकंदांत कापून आमच्या गच्चीवर पोहोचतो. गच्चीवरून जिन्याखालच्या मीटरपर्यंत उतरायला मात्र त्याला पाच महिने लागले.

गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं ठरलं आणि सुरुवात झकास झाली. पाहणीला आलेल्या पोराने गच्चीवर टेप टाकली, मोबाइलमधलं होकायंत्र फिरवलं आणि म्हणाला, "सर, साडेपाचशे वॉटचे सहा पॅनेल बसतील. सव्वातीन किलोवॉट आरामात! फक्त पाण्याच्या टाकीची सावली यायला नको. सगळे एका माळेत असतात, एकावर सावली पडली की त्याचा फटका बाकीच्यांनाही बसतो." हे मला लगेच पटलं. मी एकत्र कुटुंबात वाढलोय.

टाकी हलली. मग आला कपड्यांच्या दोरीचा प्रश्न. "तीस वर्षं माझे कपडे याच उन्हात वाळतायत," ही म्हणाली, "आणि त्याला कुणाची परवानगी लागलेली नाही." शेवटी पॅनेलचा सांगाडा माणूस उभा राहील इतका उंच करायचा आणि दोरी पलीकडच्या उघड्या कोपऱ्यात बांधायची, असा तह झाला.

अर्ज ऑनलाइन होता, म्हणजे घरबसल्या परत यायचा. पहिल्यांदा आला तो नावावरून. वीजबिल बाबांच्या नावावर, अर्ज माझ्या. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत त्यांच्या नावाचं बिल मी भरत होतो, तेव्हा नावांतला फरक कुणालाच खुपला नव्हता! नाव बदलून घेतलं. दुसऱ्यांदा अर्ज परत. का, तर मंजूर भार दोन किलोवॉट आणि पॅनेल तीनच्या वर. खिडकीपलीकडच्या साहेबांनी शांतपणे समजावलं, "आधी भार वाढवून घ्या." म्हणजे वीज कमी घ्यायची होती म्हणून गेलो, तर आधी जास्त वीज मागायचा अर्ज करून आलो.

पॅनेल बसवायला दीडच दिवस लागला. नंतर प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक स्पष्ट दिसेल असे फोटो मागवले गेले. तो क्रमांक नेमका पाठीमागे. भर दुपारी तापल्या फरशीवर उताणा पडून मी सहा पॅनेलचे सोळा फोटो काढले. त्यांतल्या चारांत माझा अंगठा मंजुरीसाठी गेला.

आता फक्त मीटर बदलायचं राहिलं. वीज कंपनीकडून घेतलेली आणि तिला दिलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर येईपर्यंत बटण दाबायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. "जुनं मीटर काही वेळा दिलेली वीजही घेतली म्हणून मोजतं," पोरगा म्हणाला. म्हणजे वीज आमची, वर बिलही आम्हालाच. सहा आठवडे ते पॅनेल उन्हात चकाकत होते आणि त्यांच्यावर कावळे बसत होते.

अखेर मीटर लागलं. पुढचे काही दिवस मी मोबाइलमध्ये डोकं घालून होतो. ढग आला की आकडा खाली, ढग सरला की वर. कडक उन्हाळ्यात वीज उतू जाईल असं वाटलं होतं, पण पॅनेलला हवं असतं ऊन. फार तापले की तेही माझ्यासारखे काम कमी करतात.

आणि एका दुपारी वीज गेली. शेजारचे काका चार्जर घेऊन हजर. "तुझ्याकडे काय बाबा, घरची वीज!" मी पंख्याचं बटण दाबलं. पंखा ढिम्म.

पोराला फोन लावला. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा जो इन्व्हर्टर असतो, तो बाहेरची वीज गेली की आपोआप बंद पडतो. तसा नसता, तर आमची वीज तारेत शिरून खांबावर काम करणाऱ्या माणसाला झटका बसला असता. बॅटरी लावली असती तर गोष्ट वेगळी. हे सगळं मी काकांना सांगितलं. कारण चोख होतं, त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती.

काका विचारात पडले. "वर ऊन आहे?"

"रणरणतं."

"आणि पॅनेलखाली सावली?"

"आहे की."

"वाराही असेल. चल मग."

आम्ही दोन खुर्च्या वर नेल्या आणि पॅनेलखाली बसलो. समोरच्या दोरीवर हिच्या चादरी कडकडीत वाळत होत्या.