आईस्क्रीमचा पोकेमॉन आणि ‘कल्पना संपल्या’ची ओरड

पोकेमॉनचा नवा गेम जाहीर झाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. पहिल्या पिढीतले, म्हणजे सुरुवातीच्या गेममधले, पोकेमॉन खऱ्या प्राण्यांसारखे होते, आता कल्पना संपल्या म्हणून आईस्क्रीम, कचऱ्याची पिशवी आणि किल्ल्यांचा जुडगा यांना डोळे चिकटवतात. एक्सपी शेअर (लढाईतला अनुभव सगळ्या टीमला वाटणारी सोय) सक्तीचा करून गेमचा पोरखेळ केला. नव्या गेममध्ये सगळे जुने पोकेमॉन न देणं हा निव्वळ आळस. एचएम, म्हणजे वाटेतले अडथळे दूर करायला पोकेमॉनला शिकवायच्या खास चाली, काढून भटकंतीतली मजा घालवली. आणि आताचे गेम धड चालतही नाहीत.

यातला शेवटचा मुद्दा खरा आहे. बाकीचे चार तपासायला घेतले की टिकत नाहीत. त्यांच्या गोंगाटात जी तक्रार खरोखर करायला हवी ती ऐकूच येत नाही, याचा मला राग येतो.

आधी डिझाइन. 1996 साली जपानमध्ये रेड आणि ग्रीन हे पहिले गेम आले, त्यातल्या 151 पोकेमॉनांत व्होल्टॉर्ब आहे. म्हणजे काय, तर पोकेमॉन पकडायच्या गोळ्याला, पोकेबॉलला, दोन डोळे. तो मोठा झाला की इलेक्ट्रोड होतो, म्हणजे तोच गोळा, लाल-पांढरा रंग उलटा करून, वर एक हसू. मॅग्नेमाइट म्हणजे लोहचुंबक आणि स्क्रू. तीन मॅग्नेमाइट चिकटले की मॅग्नेटॉन, तीन डिगलेट एकत्र आले की डगट्रिओ. एग्झेक्यूट हा अंड्यांचा पुंजका, ग्रायमर हा गाळाचा ढीग आणि मक हा त्याहून मोठा ढीग. निर्जीव वस्तूला डोळे लावणं हा दोष असेल तर तो पहिल्या दिवसापासून आहे.

पण ‘तेव्हाही असंच होतं’ एवढ्यावर थांबलं तर व्होल्टॉर्बवर अन्याय होईल, कारण तो माझ्या मते पहिल्या पिढीतल्या सर्वांत हुशार डिझाइनांपैकी एक आहे. या गेममध्ये जमिनीवर पडलेली वस्तू पोकेबॉलच्या आकारात दाखवतात. ओसाड पॉवर प्लांटमध्ये तुम्हाला तसेच गोळे दिसतात. औषध असेल, नवी चाल शिकवणारा एखादा टीएम असेल म्हणून जवळ जाऊन बटन दाबलं की थेट बॅटल सुरू. पुढच्या गोळ्याजवळ जाताना हात थबकतो. तो दिसतो कसा आणि वागतो कसा, हे दोन्ही एकाच कल्पनेतून आलं आहे. 2010 च्या ब्लॅक आणि व्हाइट या गेममध्ये फूंगस नावाचं अळंबं हेच करतं. त्याची टोपी पोकेबॉलसारखी, आणि तेही वाटेत वस्तू असल्यासारखं पडून असतं. जुन्या मंडळींची एवढी चांगली कल्पना नव्यांनी ओळखून पुढे नेली, आणि त्याच पिढीवर ‘कल्पना संपल्या’चा शिक्का बसला.

कचऱ्याच्या पिशवीचंही तेच. त्याच गेममधल्या ट्रबिशच्या पोकेडेक्स (पोकेमॉनांची माहिती देणारी गेममधली यादी) नोंदीत लिहिलंय की कचऱ्याच्या पिशव्या आणि कारखान्यांतला टाकाऊ माल यांच्या रासायनिक प्रक्रियेतून तो तयार झाला. पहिल्या पिढीतला ग्रायमर कारखान्यांनी सोडलेला गाळ शोषून पोसला जातो. माणसाच्या घाणीतून काहीतरी जिवंत होतं, हाच विषय, फक्त नव्या रूपात. व्हॅनिलाइट दिसतो आईस्क्रीमच्या कोनासारखा, पण त्याच्या नोंदीनुसार तो सकाळच्या उन्हाची ऊर्जा मिळालेल्या हिमलोलकापासून बनला आणि बर्फात पुरून झोपतो. किल्ल्यांचा क्लेफकी तर शत्रू आला की जुडगा जोरजोरात वाजवून त्याला धमकावतो. स्टील आणि फेअरी अशा दुहेरी टाइपचा (कोण कुणावर भारी ते या टाइपवरून ठरतं) हा चिमुकला प्रँक्स्टर क्षमतेमुळे थंडर वेव्हसारख्या मूव्ह, म्हणजे चाली, समोरच्याच्या आधी वापरतो, आणि ज्यांनी त्याच्याशी स्पर्धेत दोन हात केलेत ते त्याला ‘रिकामी कल्पना’ म्हणणार नाहीत.

ही ओरड ब्लॅक आणि व्हाइटच्या वेळीच एवढी का वाढली याचं कारण त्या गेमच्या रचनेत आहे. मुख्य कथा संपेपर्यंत त्यात फक्त नवे 156 पोकेमॉन भेटतात. पिकाचू नाही, झुबॅटसुद्धा नाही. ओळखीचं कुणीच नसल्यावर नव्या प्रत्येक चेहऱ्याकडे माणूस संशयाने पाहतो. मला तो निर्णय धाडसी वाटतो, पण तो मालिकेतल्या अनेक चाहत्यांना जड गेला हेही खरं.

दुसरा मुद्दा, गेम सोपा झाल्याचा. इथे जुन्या गेमची आठवण आणि जुना गेम यांत बरंच अंतर आहे. पहिल्या पिढीतला पहिला जिम लीडर, म्हणजे वाटेत हरवावा लागणारा ताकदवान ट्रेनर, ब्रॉक. त्याचा ओनिक्स पडदा भरून टाकतो, पण त्याची मूळ अटॅक संख्या 45 आहे, पिजीच्या इतकीच. बल्बासॉर किंवा स्क्वर्टल घेतलेल्याला तो दोन मिनिटं पुरत नाही. शेवटाकडचा लान्स बघा. त्याच्या ड्रॅगनाइटला ॲजिलिटी आणि बॅरियर या मूव्ह आहेत आणि त्या दोन्ही सायकिक टाइपच्या. संगणकाला एवढंच शिकवलेलं की समोरच्याच्या टाइपवर भारी पडणारी मूव्ह निवड. ती मूव्ह इजा करते का, हे तो पाहतच नाही. म्हणून समोर व्हीनसॉरसारखा पॉयझन टाइपचा पोकेमॉन ठेवला की ड्रॅगनाइट हल्ला सोडून पुन्हा पुन्हा ॲजिलिटी आणि बॅरियरच वापरत राहतो. चारही अव्वल ट्रेनरांत सर्वांत शेवटी येणाऱ्याची ही अवस्था.

मग अवघड काय वाटायचं? लेव्हल वाढवायला लागणारा वेळ. दुसऱ्या पिढीत, म्हणजे गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये, कांटो प्रदेशाचा शेवटचा जिम लीडर ब्लू, त्याचे सर्वांत वरचे पोकेमॉन 58 लेव्हलचे. त्यानंतर माउंट सिल्व्हरवर रेड नावाचा ट्रेनर उभा, त्याचा पिकाचू 81 चा. मधल्या 23 लेव्हल भरून काढायला गवतात फेऱ्या मारण्यावाचून इलाज नाही. त्यात डावपेच कुठेच नाहीत. कमकुवत पोकेमॉनला पहिल्या खेपेला पुढे काढायचं, लगेच मागे घ्यायचं आणि अर्धा अनुभव त्याच्या पदरात टाकायचा, हेही तसंच यांत्रिक काम. एक्सपी शेअरने नेमकं हेच ओझं काढलं. शिवाय ती काही आजकालची टूम नाही. सगळ्या टीमला अनुभव वाटणारी एक्सपी ऑल ही वस्तू रेड आणि ब्लूमध्येच होती, 50 जातींचे पोकेमॉन पकडले की प्रोफेसर ओकचा मदतनीस ती देतो.

खऱ्या डावपेचाचं अवघडपण कसं असतं ते गोल्ड आणि सिल्व्हरमधल्या व्हिटनीच्या मिलटँकने दाखवलं. रोलआउटचा मार प्रत्येक खेपेला दुप्पट होत जातो, तुम्ही थोडं नुकसान केलंच तर ती मिल्क ड्रिंकने भरून काढते. आणि त्याच शहरात अदलाबदलीत एक माचॉप मिळतो, फायटिंग टाइपचा, नॉर्मल टाइपच्या मिलटँकला नेमका उतारा. अडचण समोर, उत्तर हाताशी, पण ते शोधायचं तुम्ही. एक्सपी शेअर चालू असो की बंद, असा सामना आजही तितकाच रंगेल.

तिसरा मुद्दा 2019 च्या स्वोर्ड आणि शील्डचा. तोवर पोकेमॉनांची संख्या 890 वर गेली होती आणि त्या गेमच्या प्रादेशिक पोकेडेक्समध्ये 400 होते. उरलेल्यांतल्या बहुतेकांना जुन्या गेममधून आणताच येत नव्हतं. लोक चिडले, आणि वर्षानुवर्षं जपलेला पोकेमॉन अडकून पडल्याचं दुःख मी कमी लेखणार नाही. ॲनिमेशनचा दर्जा वाढवण्यासाठी हे केलं, असं निर्मात्यांनी सांगितलं. प्रत्यक्षात पाहिल्यावर ते कारण लंगडंच वाटलं. पण निर्णय चुकीचा ठरत नाही. अधिकृत स्पर्धा दोन-दोन पोकेमॉनांच्या जोडीने खेळतात. 400 पोकेमॉनांच्या 79,800 जोड्या होतात, 890 च्या 3,95,605. प्रत्येक जोडी कुणी तपासत बसत नाही हे मान्य, तरी समतोल राखण्याचं काम कुठल्या वेगाने फुगतं ते यावरून दिसतं.

‘आधी कधीच असं झालं नव्हतं’ हेही खरं नाही. 2002 च्या रूबी आणि सफायरमध्ये गोल्ड-सिल्व्हरमधला एकही पोकेमॉन नेता येत नव्हता. होएन पोकेडेक्समध्ये 202 जाती होत्या, बाकीच्यांसाठी खेळणाऱ्यांना पुढचे गेम येईपर्यंत थांबावं लागलं. त्यांचा डेटा कार्ट्रिजमध्ये होता, एवढा फरक जरूर आहे. स्वोर्ड-शील्डमध्ये 2020 च्या दोन विस्तारांबरोबर दोनशेहून अधिक पोकेमॉन परत आले, आणि विस्तार विकत न घेणाऱ्यांनाही ते फुकट अपडेटमुळे आणता येत होते. आळशी माणसाची ही रीत नव्हे.

एचएमबद्दल फार लिहावं असं काही नाही. पहिल्या पिढीत झाड कापणारा कट हा एचएम शिकवला की तो विसरवायची सोयच नव्हती, पोकेमॉनच्या चार मूव्हांतली एक जागा कायमची गेली. 2016 च्या सन आणि मूनने ती कटकट संपवली आणि भटकंती आहे तिथेच राहिली.

राहिला खरा मुद्दा. 2022 चे स्कार्लेट आणि व्हायोलेट अडखळत चालायचे, दूरची माणसं झटके देत हलायची. 2025 मध्ये स्विच 2 या नव्या कन्सोलसाठी आलेल्या फुकट अपडेटने ते सुरळीत झाले, पण जुन्या स्विचवर खेळणाऱ्याला त्याचा काय उपयोग? त्याहून मोठी चूक रचनेतली आहे, आणि फिरणाऱ्या मजकुरात तिचा उल्लेखही नसतो. गेम सांगतो, कुठल्याही दिशेने जा. जिम लीडरांच्या लेव्हल मात्र ठरलेल्या. केटीचा शेवटचा पोकेमॉन 15 चा, ग्रुशाचा 48 चा. आधी बर्फातल्या ग्रुशाला हरवून मग केटीकडे आलात तर तिचा प्रत्येक पोकेमॉन एका फटक्यात आडवा होतो. मोकळीक दिली, पण ती घेणाऱ्याचा खेळ बेचव केला.

यावर उपाय याच मालिकेत आहे. 2012 च्या ब्लॅक 2 मध्ये चॅलेंज मोड होता. त्याने लीडरांच्या लेव्हल वाढायच्या आणि त्यांच्याकडे जास्त पोकेमॉन यायचे. पण त्याची चावी चॅम्पियन झाल्यावर मिळायची, म्हणजे गेम संपल्यावर, आणि व्हाइट 2 वाल्यांना तर तिच्याऐवजी सोप्या मोडची चावी मिळायची. तोच पर्याय दोन्ही आवृत्त्यांत, नवा गेम सुरू करतानाच द्या आणि त्यात लीडरांची लेव्हल खेळणाऱ्याने लीडरांना हरवून मिळवलेल्या बॅजनुसार वाढू द्या, एवढं एकच मागणं चाहत्यांनी लावून धरावं.