बाब्या पडला, कार्टं लोळलं

अभिनंदन! क्लबची सूत्रं आता तुमच्याकडे आली. मैदान आहे, स्पॉन्सर आहेत, पंचवीस खेळाडू आहेत आणि त्यातला एक असा आहे की पेनल्टी बॉक्समध्ये शिरला की वाऱ्याच्या झुळकेनेही आडवा होतो. सामना संपला की पत्रकार विचारणारच, 'तुमच्या खेळाडूने डाइव्ह मारली, म्हणजे फाउल झाल्याचं सोंग करून तो पडला, क्लब त्याचा निषेध करणार का?' गडबडून जाऊ नका. छातीठोकपणे हो म्हणा. आपल्याच खेळाडूच्या लबाडीचा क्लबने निषेध करावा, यावर फुटबॉलच्या दुनियेत कुणाचंच दुमत नाही. कोणत्या लबाडीचा करायचा, एवढंच काय ते शिकून घ्यावं लागतं. त्यासाठी तुमच्या आधीच्या थोर मंडळींनी भरपूर धडे घालून ठेवले आहेत.

सर्वांत आधी नजर कमजोर करून घ्या. आर्सेन वेंगर १९९६ पासून २०१८ पर्यंत आर्सेनलचे मॅनेजर होते. एवढ्या वर्षांत प्रतिस्पर्ध्याची आगळीक त्यांच्या नजरेतून सहसा सुटली नाही, पण आपल्या पोराने काही केलं की नेमकं तेव्हाच 'मला दिसलं नाही'. खेळाडूंना सांभाळून घ्यायला आपण कधी कधी तसं म्हणायचो, हे पुढे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. हल्ली व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारे पंच आल्यामुळे आणि दहा कॅमेऱ्यांचे रिप्ले डगआउटमधल्या टॅबलेटवर दिसत असल्यामुळे हे वाक्य थोडं अवघड झालंय. त्याऐवजी 'मी अजून रिप्ले पाहिलेला नाही' असं म्हणा. मग तो कधीच पाहू नका.

आता निषेधासाठी डाइव्ह निवडायची. ती नापास झालेली असावी.

सप्टेंबर २०१३ चा युनायटेडचा सामना घ्या. डेव्हिड मॉइस मँचेस्टर युनायटेडमध्ये नुकतेच आले होते. ओल्ड ट्रॅफर्डवर क्रिस्टल पॅलेसविरुद्ध खेळताना अॅशली यंगने पॅलेसच्या डिकगाचोईच्या पायात स्वतःचाच पाय नेऊन घातला आणि कोसळला. रेफ्री फसला नाही, यंगला यलो कार्ड मिळालं. हाफटाइमच्या तोंडावर तोच यंग त्याच डिकगाचोईमुळे पुन्हा पडला. या वेळी डिकगाचोईला लाल कार्ड, युनायटेडला पेनल्टी आणि व्हॅन पर्सीचा गोल. युनायटेड २-० ने जिंकलं. नंतर मॉइस यांनी बाणेदारपणे सांगितलं की माझ्या खेळाडूंनी डाइव्ह मारलेली मला चालणार नाही. कोणती डाइव्ह? अर्थातच पहिली, जिच्यातून यलो कार्डापलीकडे काही निघालं नव्हतं ती. दुसऱ्या पडण्यावर लोक वाद घालत बसले, पण गोल फलकावर चढला होता. जिंकलेल्या सामन्यातल्या फुकट गेलेल्या डाइव्हसारखी दुसरी चीज नाही. तिचा निषेध केला की वर्तमानपत्रांत चार चांगले शब्द छापून येतात आणि तीनातला एकही गुण कमी होत नाही.

याच यंगने एप्रिल २०१२ मध्ये क्यूपीआर या क्लबविरुद्ध पेनल्टी मिळवली होती आणि त्यांच्या शॉन डेरीला लाल कार्डावर मैदानाबाहेर घालवलं होतं. त्या वेळी यंग ऑफसाइडही होता, म्हणजे खेळ आधीच थांबायला हवा होता, पण ते असो. डेरीचं कार्ड अपिलातही टिकलं. आठवड्याभरात अॅस्टन व्हिलाविरुद्ध पुन्हा तोच प्रयोग. सर अॅलेक्स फर्ग्युसन यांनी तेव्हा काय केलं? पडणं जरा जास्तच झालं, हे कबूल केलं, पण पेनल्टी मात्र होतीच म्हणाले. मग कळवलं की पोराशी बोललो आहे. काय बोलले, हे विचारायची कुणाची टाप होती? हे वाक्य पाठ करून ठेवा: फाउल खरा होता, अभिनय थोडा वाढला. दोन्ही बाजूंचे लोक आपापला अर्धा भाग उचलून घरी जातात.

पण खेळाडूला एका बाबतीत अगदी सक्त ताकीद देऊन ठेवा. पडायचं असेल तर पड बाबा, पण तोंड उघडू नकोस.

लिव्हरपूलला हे महागात पडलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये अॅनफिल्डवर स्टोकविरुद्ध लुईस सुआरेझ असा काही पडला की स्टोकचे मॅनेजर टोनी प्युलिस यांनी त्याच्यावर बंदीच मागितली. लिव्हरपूलचे ब्रेंडन रॉजर्स यांना मात्र त्याच सामन्यात स्टोकच्या रॉबर्ट हुथने सुआरेझच्या छातीवर दिलेला पाय जास्त ठळक दिसला. पेनल्टी मिळाली नव्हती, सामना ०-० सुटला होता. विषय थंड झाला. मग जानेवारी २०१३ मध्ये सुआरेझ एका मुलाखतीत सरळ बोलून गेला, की हो, त्या वेळी मी पडलो, घरच्या मैदानावर बरोबरी चालली होती आणि आम्हाला जिंकायचं होतं. झालं! रॉजर्स संतापले. हे अजिबात मान्य नाही, क्लबच्या पातळीवर कारवाई होईल, असं त्यांनी जाहीर केलं.

तारखा नीट बघा. पडला ऑक्टोबरात, निषेध जानेवारीत. मधले तीन महिने क्लबची नीतिमत्ता काही झोपलेली नव्हती, ती फक्त वाट बघत होती. पडल्याने क्लबची अब्रू गेली नाही. खरं बोलल्याने गेली.

आणि कबुलीच द्यायची तर निदान तिचे पैसे तरी घ्यावेत. २०१८ च्या विश्वचषकात नेमार इतका लोळला की त्यावर जगभर मीम्सचा पूर आला आणि एका स्विस वाहिनीने तो चार सामन्यांत मिळून किती वेळ जमिनीवर होता, याचा हिशेब चौदा मिनिटांवर नेला. जुलै संपता संपता त्याने 'कधी कधी मी जरा जास्त करतो' अशी कबुली दिली. कुठे? जिलेटच्या जाहिरातीत. सुआरेझने तेच फुकट सांगितलं आणि कारवाईला पात्र ठरला.

आता पास झालेल्या डाइव्हकडे वळू. इथे निषेध हा शब्दसुद्धा तोंडातून निघता कामा नये. ऑगस्ट २००९, चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी, आर्सेनल विरुद्ध सेल्टिक. ग्लासगोतला पहिला सामना आर्सेनलने २-० ने जिंकला होता, म्हणजे लंडनमध्ये घाम गाळायची गरज नव्हती. तरी आर्सेनलचा एदुआर्दो बॉल घेऊन पुढे घुसला, सेल्टिकचा गोलकीपर आर्तुर बोरुच आडवा आला आणि त्याने हात लावण्याआधीच एदुआर्दो हवेत होता. पेनल्टी, गोल, एकूण ५-१. युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, एदुआर्दोवर दोन सामन्यांची बंदी घातली. वेंगर कडाडले: एकट्यालाच वेचून का पकडता, हा तर माणसाचा पाठलाग चाललाय! आर्सेनलने अपील केलं आणि सप्टेंबरमध्ये बंदी उठली, कारण रेफ्रीला फसवण्याचा हेतू पुराव्यानिशी सिद्ध होईना. हा धडा फ्रेम करून ऑफिसात लावा. डाइव्ह कॅमेऱ्यात दिसते, हेतू दिसत नाही.

आणखी एक बारकावा. दीड वर्षापूर्वी, फेब्रुवारी २००८ मध्ये बर्मिंगहॅमच्या मैदानावर याच एदुआर्दोचा पाय इतक्या वाईट तऱ्हेने मोडला होता की टीव्हीवाल्यांनी तो रिप्ले दाखवायचं टाळलं. अशा माणसाने समोरून येणाऱ्याला पाहून पाय आधीच वर घेतला, तर त्याला लबाड म्हणवत नाही, आणि हे मी थट्टेने म्हणत नाही. पण तुम्ही आता क्लबचे कारभारी आहात. खऱ्या दुखण्यासारखी ढाल मिळत नाही, तेव्हा तुमच्या प्रत्येक डाइव्हवाल्याचं एखादं जुनं दुखणं फायलीत लावून ठेवा.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननेही तुमच्या मदतीसाठी २०१७-१८ च्या मोसमात एक सुंदर नियम आणला. ज्या डाइव्हमुळे पेनल्टी मिळाली किंवा प्रतिस्पर्ध्याला बाहेर जावं लागलं, तीच तीन जणांच्या समितीपुढे जायची. तिघांचं एकमत झालं तर दोन सामन्यांची बंदी. फसलेल्या डाइव्हला रेफ्रीचं यलो कार्ड पुरे. म्हणजे यशस्वी लबाडीचा बंदोबस्त असोसिएशनने करायचा, अयशस्वी लबाडीचा निषेध क्लबने करायचा. कामाची अशी वाटणी आपल्याकडच्या सरकारी खात्यांनाही जमलेली नाही.

प्रीमियर लीगमध्ये या नियमाचा पहिला मान एव्हर्टनच्या ओमार नियासला मिळाला, नोव्हेंबर २०१७ मध्ये, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मिळवलेल्या पेनल्टीबद्दल. त्याने आरोप नाकारला, तरी बंदी झाली, पण २-२ च्या बरोबरीतला गुण एव्हर्टनकडेच राहिला. महिन्याभरात वेस्ट हॅमचा मॅन्युएल लान्झिनी अडकला. स्टोकविरुद्ध त्याने मिळवलेली पेनल्टी गोलात गेली होती आणि वेस्ट हॅम ३-० ने जिंकलं होतं. त्यानेही आरोप नाकारला, त्याच्यावरही बंदी आली. वेस्ट हॅमचे मॅनेजर त्या वेळी कोण होते म्हणता? डेव्हिड मॉइस. चार वर्षांत माणूस धंदा शिकतो.

पैशांचा हिशेब हवा असेल तर जर्मनीत जा. एप्रिल १९९५ मध्ये डॉर्टमुंड कार्ल्सरूहविरुद्ध ०-१ ने पिछाडीवर होतं. डॉर्टमुंडचा आंद्रेआस मोलर बॉक्समध्ये पडला. कार्ल्सरूहचा डिफेंडर दिर्क शूस्टर त्याच्यापासून चांगला हातभर लांब होता. मला इजा होईल म्हणून मी आधीच पडलो, असा मोलरचा खुलासा. पेनल्टीवर बरोबरी, मग आणखी एक गोल, सामना २-१ ने खिशात. शिक्षा म्हणून दोन सामन्यांची बंदी आणि दहा हजार मार्कांचा, म्हणजे त्या वेळच्या जर्मन चलनातला दंड. मोसम संपला तेव्हा डॉर्टमुंड विजेते होते, वेर्डर ब्रेमेनपेक्षा एका गुणाने पुढे. दहा हजार मार्कांत लीगची ट्रॉफी म्हणजे तुळशीबागेतही न मिळणारा भाव.

खेळाडूच्या प्रशिक्षणातही थोडं लक्ष घाला. एप्रिल २०१० मध्ये कॅम्प नोऊवर इंटरच्या थियागो मोटाचा हात लागला आणि बार्सिलोनाचा बुस्केट्स दोन्ही हातांनी चेहरा झाकून कोसळला. इथवर सगळं झकास. मग त्याने बोटांत थोडीशी फट केली आणि त्या फटीतून एक डोळा बाहेर काढून रेफ्री काय करतोय ते पाहिलं. मोटाला लाल कार्ड मिळालं खरं, पण तो डोळा जगभर दिसला. तेव्हा सरावात बोटं घट्ट मिटायचा एक तास ठेवा. त्या रात्री बार्सिलोना १-० ने जिंकलं, पण दोन सामन्यांच्या बेरजेत चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत इंटर गेलं, ही गोष्ट खेळाडूंना सांगू नका. उगाच खच्चीकरण होतं.

एवढं झाल्यावर नीतिमत्तेची खुमखुमी उरलीच, तर ती दुसऱ्याच्या खेळाडूवर जिरवा. फेब्रुवारी २००६ मध्ये चेल्सीच्या देल ओर्नोला बार्सिलोनाच्या मेस्सीवरच्या फाउलबद्दल लाल कार्ड मिळालं, तेव्हा चेल्सीचे मॅनेजर जोझे मोरिन्हो म्हणाले, बार्सिलोना हे मोठं सांस्कृतिक शहर आहे, तिथे थिएटरं चांगली आहेत आणि हा पोरगा नाटक छान शिकलाय. महिना-सव्वा महिन्यात त्यांचाच दिदिएर द्रॉग्बा बीबीसीला सांगून बसला की कधी मी पडतो, कधी उभा राहतो. लगेच त्याने शब्द मागेही घेतले. अर्जेंटिनाकडून खेळलेल्या आणि पुढे टॉटनहॅमचे मॅनेजर झालेल्या पोचेत्तिनोंनी हीच कसरत आणखी सफाईने केली. २००२ च्या विश्वचषकात इंग्लंडच्या मायकेल ओवेनला पाडल्याबद्दल त्यांच्याविरुद्ध पेनल्टी मिळाली होती, आणि ओवेनने स्विमिंग पूलमध्ये उडी मारावी तशी उडी मारली, मी त्याला शिवलोही नाही, असं ते पुढे सांगत. २०१८ मध्ये त्यांच्या टॉटनहॅमच्या डेले अलीला डाइव्हबद्दल कार्ड मिळालं, तेव्हा त्यांचा सवाल होता: फुटबॉल म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चकवणंच ना?

चाहत्यांची काळजी करू नका. रात्री दीड वाजता पुण्यातल्या हॉस्टेलवर आर्सेनलचा टी-शर्ट घालून बसलेला पोरगा 'टच होता ना!' म्हणून ओरडतो, तो फुटेज पाहून नव्हे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिसचे समर्थक आमनेसामने बसले की फाउल होता की नव्हता, हे ज्याच्या त्याच्या बसायच्या जागेवरून ठरतं. तुम्ही निषेध केलात तर हीच मंडळी तुमच्यावर उखडतील.

कधी एखादा प्रामाणिक नग निघालाच, तर? मार्च १९९७ मध्ये आर्सेनलविरुद्ध लिव्हरपूलचा रॉबी फाउलर पडला, रेफ्रीने पेनल्टी दिली, आणि फाउलर हात हलवून सांगायला लागला की गोलकीपर सीमनने मला पाडलेलं नाही. रेफ्री ऐकेना. फाउलरनेच किक मारली, सीमनने अडवली, परत आलेल्या बॉलवर मॅकअॅटीरने गोल केला. फाउलरच्या खिलाडूपणाचं कौतुक करणारं पत्र फिफाच्या सेप ब्लाटर यांनी पाठवलं, ज्यांच्यावर पुढे २०१५ मध्ये फिफाच्याच नीतिमत्ता समितीने बंदी घातली. त्याच सुमारास युएफाने फाउलरला दंड केला, संपावरच्या गोदी कामगारांना पाठिंबा देणारा टी-शर्ट दाखवल्याबद्दल. असा खेळाडू पदरी असेल तर त्याला शांतपणे समजवा की पत्रं लीगच्या तक्त्यात धरत नाहीत.

शेवटचं, पत्रक लिहिताना सांभाळा. १९९० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या युर्गन क्लिन्समनच्या गडगडाटी पडण्यानंतर अर्जेंटिनाच्या मोन्झोनला लाल कार्ड मिळालं, आणि इंग्लंडात क्लिन्समन म्हणजे डाइव्हचा बादशहा ठरला. १९९४ मध्ये त्याला टॉटनहॅमने विकत घेतलं. लंडनमध्ये डायव्हिंग स्कूल कुठे आहे, असं त्यानेच पत्रकारांना विचारलं. शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध पहिल्याच लीग सामन्यात गोल केला आणि पोटावर सूर मारून तो साजरा केला. मोसम संपताना त्याच देशाच्या फुटबॉल लेखकांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. म्हणून निषेधाच्या पत्रकात खेळाडूचं नाव पेन्सिलीने लिहा. जानेवारीत ट्रान्स्फर विंडो उघडते.