बंपरचा ‘किरकोळ टच’ ॲप्रनपर्यंत पोहोचतो कसा?

आज दुपारी जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडे उभी असलेली पांढरी हॅचबॅक बघितली आणि डोकं फिरलं. चार वर्षांची गाडी, भाव बाजारापेक्षा बराच कमी, काचेवर ठळक अक्षरांत ‘नॉन-ॲक्सिडेंटल’. बघायला आलेलं तरुण जोडपं, कडेवर लहान मूल. तिने सरळ विचारलं, “दादा, ठोकलेली नाही ना?” उत्तर तयारच होतं. “नाही हो ताई, बंपरला किरकोळ टच होता. बाकी गाडी एकदम मक्खन.” बॉनेट उघडं होतं. डाव्या ॲप्रनवरचं पेस्टिंग (पत्र्याच्या सांध्यावरचा सीलंट) बोटाने फासल्यासारखं वेडंवाकडं होतं आणि नख लावलं की रुतत होतं. उजव्या बाजूचं मात्र कडक, एकसारखं. बंपरला झालेला टच ॲप्रनपर्यंत गेला, याला किरकोळ म्हणतात?

ॲप्रन म्हणजे पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूची, इंजिनशेजारची पत्र्याची भिंत. सस्पेन्शनचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा उभा दांडा) वरच्या टोकाला तिथेच बोल्ट होतो. तिच्या खालून साइड मेंबर जातो, म्हणजे समोरून धडक बसली की ठरलेल्या पद्धतीने चुरगळून जोर पिऊन टाकणारा भाग. तो एकदा चुरगळला की त्याचं काम संपलं. त्याला साखळी लावून, हायड्रॉलिक जॅकने ओढून, गॅसने तापवून पुन्हा सरळ केलं तर तो दिसायला सरळ होतो, एवढंच. पुढच्या धडकेत तो कुठे आणि किती दुमडेल हे आता कुणीच सांगू शकत नाही. पिलरमध्ये, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या खांबांमध्ये, तर हल्ली अति-मजबूत पोलाद असतं. ते तापवलं की त्याची ताकद जाते, म्हणून ते तापवून सरळ करायचंच नसतं, बदलायचं असतं. भारत एनसीएपी, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणारी चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आणि लोक तारे बघून गाडी घ्यायला लागले, चांगलंच आहे. पण ते तारे कारखान्यातून निघालेल्या सांगाड्याचे असतात. गल्लीत ओढून सरळ केलेल्या सांगाड्याला ते लागू होत नाहीत.

आता रागावर थोडं पाणी टाकतो, कारण ‘ठोकलेली गाडी घेऊच नका’ असं माझं म्हणणं नाही. आपल्या रस्त्यांवर चार-पाच वर्षं फिरलेली आणि कुठेच न घासलेली गाडी शोधायला गेलात तर शोधतच राहाल. नवी गाडी सगळ्यांना परवडत नाही, आणि लेकरू झाल्यावर दुचाकीवरून चारचाकीवर यायची घाई मला पूर्ण समजते. माझ्या लेखी फरक एकच आहे. मार बोल्टने बसणाऱ्या भागांवर थांबला, की वेल्डने जोडलेल्या भागांपर्यंत गेला?

बंपर, हेडलाइट, फेंडर, बॉनेट, दरवाजे, डिकीचं झाकण, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर हे सगळं उघडून बदलता येतं. नीट बदललेलं असेल, बिलं असतील आणि भाव दहा-पंधरा टक्के कमी असेल, तर बिनधास्त घ्या. रेडिएटर सपोर्ट आणि बॉनेट पट्टी काही गाड्यांत बोल्टने बसते, काहींत वेल्डने, त्यामुळे तिथे मॉडेल बघून ठरवायचं. पण ॲप्रन, साइड मेंबर, ए-बी-सी (पुढचा, मधला, मागचा) पिलर, रनिंग बोर्ड (दरवाजाखालची पट्टी), फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत), छप्पर, डिकीचा फ्लोअर, यांतलं काहीही कापून जोडलेलं किंवा ओढलेलं असेल तर ती गाडी लाखभर स्वस्त मिळाली तरी नको.

ओळखायचं कसं? दिवसा उजेडात जा. गाडी नुकतीच धुतलेली किंवा पावसात भिजलेली असेल तर परत फिरा, ओल्या पत्र्यावर लाटा दिसत नाहीत. पेंटची जाडी मोजायचं मीटर भाड्याने किंवा ओळखीत मिळालं तर उत्तम. कंपनीचा पेंट साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. दोनशे-अडीचशे आला तर पुन्हा रंगवलेलं आहे, पाचशेच्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे. एका दरवाजावर पुट्टी असणं ठीक आहे. छपरावर किंवा पिलरवर असेल तर विषय संपला.

मग पाना लागल्याच्या खुणा बघा. फेंडर, बॉनेट आणि दरवाजे जिथे बोल्ट होतात त्या बोल्टांच्या डोक्यावरचा रंग उडालाय का? उडाला असेल तर तो भाग कधीतरी निघालाय. दरवाजाचं रबर बीडिंग हाताने खेचलं की पिलरच्या कडेचे स्पॉट वेल्ड उघडे पडतात. मूळचे ठिपके गोल, उथळ आणि ठरावीक अंतरावर असतात. त्यांच्या जागी वेल्डिंगची लांबट गाठ, ग्राइंडरच्या रेघा किंवा सपाट गुळगुळीत पुट्टी दिसली की बीडिंग परत बसवा आणि निघा. डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा. फ्लोअरला सुरकुत्या, नव्याने मारलेलं अंडरकोटिंग, सांध्यात गंज किंवा साचलेलं पाणी दिसलं तर मागून जोरात बसलेली असू शकते. पुढच्या सीटखालचा गालिचाही उचला. दोन गाड्यांचे अर्धे भाग जोडतात तेव्हा सांधा बहुधा तिथे आणि पिलरच्या बुडाशी लपवलेला असतो. चॅसिस नंबरभोवतीचा पत्रा घासलेला दिसला तर गाडी चोरीची असायचीही शक्यता आहे, तिथे क्षणभर थांबू नका.

सगळ्यात जास्त फसवणूक एअरबॅगमध्ये होते, आणि याचा मला सर्वांत जास्त संताप येतो. इग्निशन ऑन केल्यावर एसआरएसचा (एअरबॅग यंत्रणेचा) दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. काही जण फुटलेल्या एअरबॅगच्या जागी रेझिस्टर (यंत्रणेला फसवणारा छोटा विद्युत भाग) लावतात. मग दिवा नियमाने लागतो, नियमाने विझतो आणि कव्हरखाली काहीच नसतं. छोट्या गाडीतही दोन एअरबॅग, त्यांचं कंट्रोल मॉड्यूल, बेल्ट आणि डॅशबोर्ड मिळून खर्च पाऊण-एक लाखाच्या घरात जातो, तोच वाचवलेला असतो. म्हणून नुसत्या दिव्यावर विश्वास नको. पुढचे बेल्ट पूर्ण बाहेर खेचून बुडाच्या लेबलवरची तारीख मागच्या बेल्टांशी जुळवा. बेल्ट अडकत असेल किंवा सैल परत जात असेल तर प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारा भाग) उडालेला असू शकतो. डॅशबोर्डचा पोत दरवाजाच्या प्लास्टिकशी जुळतो का बघा, आणि स्कॅनर लावून मॉड्यूलमध्ये क्रॅशची नोंद आहे का ते तपासून घ्या. त्या पांढऱ्या गाडीत ड्रायव्हरचा बेल्ट कोरा करकरीत होता आणि मागचे तिन्ही मळलेले. तरी बंपरचा टच!

काचांवरचे, साल दाखवणारे कोडही जुळवा. समोरची काच दगड लागूनही बदलते, तिचं एवढं काही नाही. पण एकाच बाजूच्या दोन काचा वेगळ्या सालच्या असतील तर त्या बाजूने धडक बसलेली असू शकते.

शेवटी गाडी व्हील अलाइनमेंटला न्या आणि छापील रिपोर्ट घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) जुळवता येतो, कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) नाही. त्यामुळे डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आला तर स्ट्रट, लोअर आर्म किंवा खुद्द ॲप्रन वाकलेला असू शकतो. टेपने दोन्ही बाजूंचा व्हीलबेसही (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) मोजा, चाकं सरळ ठेवून, मध्यापासून मध्यापर्यंत. तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टचा २४५० मिलिमीटर आहे. दोन बाजूंत सेंटिमीटरभर तफावत आली तर सांगाडा तिरका असू शकतो.

“अहो, अधिकृत वर्कशॉपमध्ये इन्शुरन्समधून झालंय काम,” हे वाक्य आता कमेंटमध्ये येणारच. मान्य, तिथे बेंचवर मापं घेऊन केलेलं काम गल्लीपेक्षा कितीतरी बरं असतं. मग त्याचं बिल दाखवा ना! पार्ट्सच्या यादीत बंपर, लाइट, कंडेन्सर असेल तर ठीक. ॲप्रन, साइड मेंबर, एअरबॅग मॉड्यूल दिसलं की मार किती खोल गेला ते कळलंच. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्तीपलीकडची म्हणून, काढतात, आणि तसला सांगाडा लिलावात विकला जाऊन पुन्हा रस्त्यावर येऊ शकतो. आरसीवर अपघाताची नोंद नसते, त्यामुळे नुसती आरसी बघून काही कळत नाही. पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) बघा. त्याच मालकाकडे चार वर्षं असलेल्या गाडीवर तो शून्य असेल तर शेवटच्या वर्षात क्लेम झालाय किंवा पॉलिसी मध्येच तुटली आहे. कुठलं ते विचारायचा हक्क तुमचा आहे.

त्या जोडप्याला मी ॲप्रन दाखवला. विक्रेत्याने बॉनेट आपटलं. आपटू दे. पोट त्यालाही आहे हे कळतं, आणि ‘पुढून बसलेली, ॲप्रनचं काम झालंय’ असं सांगून तो गाडी विकत असता तर माझी काही तक्रार नव्हती. घेणारा डोळे उघडे ठेवून घेईल किंवा सोडून देईल.

म्हणून टोकन द्यायच्या आधी करारपत्रावर एक ओळ लिहून मागा: ‘या वाहनाच्या पिलर, ॲप्रन, साइड मेंबर व फ्लोअरवर कोणतेही कटिंग, वेल्डिंग अथवा ओढकाम झालेले नाही, एअरबॅग व सीट बेल्ट मूळचे आहेत, यात खोटे आढळल्यास पूर्ण रक्कम परत देऊ.’ खाली सही, शिक्का, तारीख, चॅसिस नंबर. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, त्याची प्रतही सोबत घ्या. सही करायला का-कू केली तर टोकन खिशातच ठेवा आणि दुसरी गाडी बघायला जा.