शिडी, ताई आणि एलिसा मिलर: एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यात मेक्सिकोची दिग्दर्शिका एलिसा मिलर हिच्यावर लिहिलं होतं. तिला कान चित्रपट महोत्सवात शॉर्ट फिल्मसाठीचा सर्वोच्च पुरस्कार, पाम दॉर, मिळाला होता. त्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावानं एक प्रतिक्रिया आली. उत्तर लिहायला बसले तर ते लेखाएवढंच झालं, म्हणून वेगळं टाकतेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते:

“ताई, राग मानू नका, पण लेख विकिपीडियाछाप वाटला. एक तर चूक. शॉर्ट फिल्मसाठी पाम दॉर मिळवणारी मिलर ही पहिली मेक्सिकन नाही, १९९४ मध्ये कार्लोस कारेराला मिळालं होतं. दुसरं, शॉर्ट फिल्म ही शेवटी शिडी असते. पंचविशीत कान जिंकून जी बाई थेट २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर उगवते, तिच्या करिअरचं एवढं कौतुक कशाला? तिसरं, या मुली कोणत्या घरांतून येतात, फिल्म स्कूलची वर्षं त्यांना परवडतात कशी, यावर एक ओळ नाही. हौशी माणसाला शिडीच महाल वाटते, हे समजू शकतो.”

तर स्पष्टवक्ते, आधी चुकीचं. चूक आहे. ‘पहिली मेक्सिकन स्त्री’ असं लिहायचं होतं, ‘स्त्री’ राहून गेलं. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभारही मानले आहेत. झालं.

आता ‘राग मानू नका, पण’. ही आपल्याकडची एक खास सोय आहे. लग्नात जेवून हात पुसता पुसता कुणी तरी म्हणतं, ‘राग मानू नका, पण मसालेभात जरा कच्चा होता.’ पंगत उठलेली असते, भात संपलेला असतो, बोलणाऱ्यानं तीनदा घेतलेला असतो. तुम्हीही लेख शेवटपर्यंत वाचलात हे उघड आहे, कारण नेटफ्लिक्सचा उल्लेख अगदी शेवटच्या परिच्छेदात होता. विकिपीडियाछाप असता तर इतका वेळ थांबला नसतात. आणि खरं नाव न घालता लिहिणाऱ्या माणसानं स्वतःला स्पष्टवक्ता म्हणवून घ्यावं, याचं मला जरा हसूच आलं. असो.

मला बोलायचंय ते शिडीबद्दल. तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत, मला एवढ्यात उरकता येणार नाही.

गंमत अशी की मला खोटं पाडायला तुम्ही ज्या कारेराला आणलंत, तोच तुमच्या विरोधात साक्ष देतो. त्याचा पहिला फीचर, म्हणजे पूर्ण लांबीचा चित्रपट, ‘ला मुहेर दे बेन्हामिन’ १९९१ चा. दुसरा, ‘ला विदा कोन्युगाल’, १९९३ चा. आणि ज्या ‘एल एरोए’साठी, म्हणजे ‘नायक’साठी, त्याला पाम दॉर मिळालं ती शॉर्ट फिल्म १९९४ ची. म्हणजे दोन मोठे चित्रपट करून झाल्यावर हा माणूस खाली बसला आणि पाचेक मिनिटांची ॲनिमेशन फिल्म काढली. शिडी चढून वर गेलेला माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर का येईल? तुम्ही पाहिली आहे का ती? मेक्सिको सिटीच्या मेट्रोचा फलाट, गर्दी, सगळ्यांचे चेहरे ओढलेले. एका माणसाला दिसतं की एक मुलगी रुळांवर उडी घ्यायच्या बेतात आहे. तो धावतो, तिला धरतो. ती किंचाळते, जणू यानंच तिच्या अंगाला हात लावलाय. पोलीस त्याला ओढत घेऊन जातात. आणि मग ती उडी मारते. एवढंच. याचे दोन तास करा बघू. त्या मुलीचं घर दाखवावं लागेल, त्या माणसाची बायको, नोकरी, कोर्ट, वकील. आणि त्या सगळ्याखाली तो फलाट गाडला जाईल. काही गोष्टींची लांबीच पाच मिनिटं असते.

आता मिलर. ‘वेर योवेर’, म्हणजे ‘पाऊस पाहणं’, ही तिनं मेक्सिको सिटीतल्या ‘सेंत्रो दे कापासितासिओन सिनेमातोग्राफिका’ या फिल्म स्कूलमध्ये शिकत असताना केली. आद्याक्षरांवरून तिला तिकडे सगळे ‘सेसेसे’ म्हणतात. १९७५ साली सुरू झालेली सरकारी संस्था. कारेराही तिथलाच. फिल्म पंधरा मिनिटांच्या आतली. जोनास नावाचा पोरगा, सोफिया नावाची पोरगी, आणि छोटं गाव सोडून जायचं की राहायचं हा प्रश्न. २००६ ची फिल्म, २००७ ला कानमध्ये पाम दॉर. त्याच महोत्सवात कार्लोस रेयगादास या मेक्सिकन दिग्दर्शकाला ज्युरी पुरस्कार मिळाला होता, तेव्हा मेक्सिकोसाठी ते वर्ष एकूणच चांगलं गेलं.

तुमच्या हिशेबानं तिनं लगेच मोठा चित्रपट करायला हवा होता. तिनं काय केलं? २००८ मध्ये आणखी एक शॉर्ट फिल्म केली. नाव ‘रोमा’. (त्याच नावाचा कुआरोनचा चित्रपट आला त्याच्या दहा वर्षं आधी. पण त्याचीच तेवढी आठवण सगळ्यांना असते.) मग २०१० मध्ये पहिला फीचर, ‘वेते मास लेहोस, आलिसिया’. २०१५ मध्ये दुसरा, ‘एल प्लासेर एस मिओ’. आणि २०२३ मध्ये फर्नांदा मेल्चोरच्या कादंबरीवरचा ‘तेम्पोरादा दे उराकानेस’, जो नेटफ्लिक्समुळे तुमच्या घरापर्यंत पोचला. तेव्हा ‘थेट २०२३ मध्ये उगवते’ हे तुमचं वाक्य सरळ चूक आहे, आणि माझ्या ‘पहिली मेक्सिकन’पेक्षा मोठी चूक आहे. २००७ आणि २०२३ च्या मध्ये ती होतीच. तुमचा टीव्ही तेवढा नव्हता.

आणि सगळ्यांनी मोठ्या चित्रपटाकडेच जायला हवं असं तरी कुणी ठरवलं? ग्वादालाहाराची सोफिया कारियो घ्या. बाहुल्या बनवते, स्टॉप मोशन करते. म्हणजे बाहुलीचा हात केसभर हलवायचा, एक फोटो. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी हे बारा किंवा चोवीस वेळा. ‘प्रिता नुआर’ २०११, ‘ला कासा त्रिस्ते’ २०१३, ‘सेरुलिया’ २०१७. सालं बघा. दोन वर्षं, चार वर्षं, एकेका छोट्या फिल्मला. यात शिडी कुठे आहे? तिच्या टेबलाशी जाऊन कुणी विचारलं, ‘पुढे काय?’, तर ती बहुधा बाहुलीची पापणी दाखवेल.

फर्नांदा वालादेस या मेक्सिकन दिग्दर्शिकेचं उदाहरण तुमच्या बाजूनं जातं, तेही देऊन टाकते, म्हणजे मी पक्षपाती ठरायला नको. तिची ‘कुआत्रोसिएन्तास मालेतास’, म्हणजे ‘चारशे सुटकेसेस’, ही शॉर्ट फिल्म २०१४ ची. बेपत्ता झालेल्या स्थलांतरितांचा तोच विषय धरून तिनं २०२० मध्ये ‘सिन सेन्यास पार्तिकुलारेस’ हा फीचर केला आणि तो अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात गाजला. इथे छोट्यातून मोठं आलं, मान्य. पण छोट्याचं मोठं झालं म्हणून छोटं पायाखालचं होत नाही.

आता ‘हौशी’. हा शब्द लागला. लागला नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

मी सहा वर्षं सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट केले. हळदीपासून पाठवणीपर्यंत चौदा-पंधरा तासांचं फुटेज, त्यातून तीन डीव्हीडी, आणि वर वराच्या मामाचा फोन: ‘आमचा अहेर कापलाय तुम्ही.’ त्या पैशांतून २०११ मध्ये अकरा मिनिटांची एक शॉर्ट फिल्म केली. पाऊस हवा होता आणि एप्रिल चालू होता. बाराशे रुपयांना पाण्याचा टँकर बोलावला. तो गल्लीत शिरेना, म्हणून कोपऱ्यावरून पाइप ओढला. पत्र्यावर पाणी पडताना पावसासारखा आवाज येईना. एकसुरी, नळाखाली बादली लावल्यासारखा यायचा. शेवटी शेजारच्या दोन पोरांना झाऱ्या देऊन पत्र्यावर चढवलं आणि सांगितलं, सारखं नको, मध्ये थांबा, मग जोरात. तेव्हा कुठे तो पाऊस झाला. तिसऱ्या टेकला टँकर संपला. जे मिळालं तेच फिल्ममध्ये आहे.

एका महोत्सवात ती घेतली गेली. सकाळी दहाची वेळ, चहाच्या स्टॉलशेजारचा हॉल, आठ प्रेक्षक, त्यातले दोघं माझ्या घरचे. संपल्यावर एक परीक्षक आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘छान प्रयत्न. आता मोठं काही तरी करा.’ एवढ्या वर्षांत त्या अकरा मिनिटांबद्दल मला कुणी विचारलंच नाही, सगळ्यांनी विचारलं ते पुढे काय. त्याच सुमारास मित्रानं दिलेल्या हार्ड डिस्कवर ‘वेर योवेर’ सापडली. नावात पाऊस होता म्हणून उघडली. रात्रीत चारदा पाहिली. लेख तिथून आलाय, विकिपीडियावरून नाही. तेव्हा मी हौशी असेन, पण पत्र्यावरच्या पाण्याचा आवाज मला ठाऊक आहे. तुम्ही पत्र्यावर चढलात का कधी?

हे जरा जास्त झालं, कल्पना आहे. ठेवतेय तसंच.

तुमचा तिसरा मुद्दा, पैसे आणि घरं यांचा. लेख त्यावर नव्हता. सेसेसे सरकारी आहे आणि मिलरची ती फिल्म शाळेत असतानाची आहे, हे वर आलंच. कुणाचे वडील काय करतात याची चौकशी मी लेख लिहिताना करत नाही. पुढे.

ज्यांना खरंच वाचायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट राहिली होती, ती इथेच टाकते. मातिल्दे लान्देता. मेक्सिकन सिनेमाचा सुवर्णकाळ म्हणतात त्या दिवसांत ती सेटवर स्क्रिप्ट गर्ल, म्हणजे शॉटच्या नोंदी ठेवणारी, होती. १९४८ ते १९५१ मध्ये तिनं तीन फीचर दिग्दर्शित केले: ‘लोला कासानोवा’, ‘ला नेग्रा आंगुस्तियास’, ‘त्रोताकायेस’. आणि मग दार बंद. पुढचा फीचर, ‘नोक्तुर्नो अ रोसारियो’, थेट १९९१ ला. मधली चाळीस वर्षं. त्या काळात अमेरिकन टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमासाठी तिनं ढिगानं छोट्या फिल्म्स केल्या, पटकथा लिहिल्या. आता सांगा, ही शिडी वर जाते की खाली? ती बाई तीन मजले चढली आणि वरच्या लोकांनी शिडीच काढून घेतली. मग जमिनीवर उभं राहून जे करता येतं ते ती करत राहिली. त्यातलं किती आज पाहायला मिळतं? जवळपास काही नाही. यावर वेगळं लिहिणार आहे. तेव्हाही या, चुका काढा, चालेल.

बाकी, प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, काढणारही नाही. काल दोघांनी निरोप पाठवला की ब्लॉक करा. ब्लॉक कशाला? कारेरा आठवणारा माणूस इथे दुसरा कोण आहे?

फक्त पुढच्या वेळी ‘ताई’ नको. ज्याला मी खरोखरच ताई आहे तो भाऊ इचलकरंजीला असतो, आणि त्यानं माझी फिल्म अजून पाहिलेली नाही.