कुकी प्रेसला मिळालेला एक स्टार: दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार. इतवारीच्या दुकानातून मी मालक स्वतः लिहितोय. ख्रिसमससाठी तुम्ही आमच्याकडून कुकी प्रेस नेला, म्हणजे नळीत पीठ भरून खटका दाबला की चकतीतून ट्रेवर कुकी पाडणारं साधन. कुकीज ट्रेवर बसेचनात, प्रेसलाच चिकटून वर यायच्या. बसल्या त्या ओव्हनमध्ये पसरून पापड झाल्या. परत करायला आलात, तर काउंटरवरच्या पोराने वापरलेली वस्तू घेत नाही म्हणून पाठवून दिलं. राग रास्त आहे, पण सगळा प्रेसवर काढू नका.

आधी आमची चूक. "चकलीच्या सोऱ्यासारखाच आहे, काहीही भरा," असं पोराने सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. त्याला विचारलं, कबूल झाला. सोऱ्या आपण फिरवत नेतो, खाली कागद असला तरी चालतं. हा प्रेस मात्र ट्रेवर उभा टेकवायचा, खटका एकदाच दाबायचा, क्षणभर थांबायचं आणि सरळ वर उचलायचा. तेवढ्यात पिठाने ट्रेला धरलं पाहिजे. म्हणून ट्रे कोरडा आणि थंड हवा, तुपाचा हातसुद्धा लावायचा नाही. तुमच्या फोटोत बटर पेपर आहे. घात तिथेच झाला, पिठाबरोबर कागदच उचलला जातो.

फोटो मोठा करून पाहिला. फुलाच्या चकतीत पिस्त्याचा तुकडा अडकलाय, दोन पाकळ्या त्यानेच खाल्ल्या. पिस्ता वरून लावा ना, पिठात नको.

पसरण्याचं कारण वेगळं. डिसेंबरात आपल्याकडे लोणी दगड होतं, म्हणून तुम्ही गॅसवर पातळ करून घेतलंत. त्यापेक्षा तास-दोन तास ओट्यावर राहू द्या. बोटाने खळगा पडावा, पण वितळू नये. मळलेलं पीठ फ्रीजमध्येही ठेवू नका, घट्ट झालं की खटका दाबला जात नाही. आणि ओव्हनमधून काढलेल्या गरम ट्रेवर दुसरा घाणा टाकू नका, लोणी तिथेच सुटतं. दोन ट्रे आलटून-पालटून वापरा.

रविवारी घरी करून पाहिलं. माझ्याही पहिल्या चार वाकड्याच आल्या; ते पीठ परत नळीत भरलं, मग जमलं. बायको म्हणाली, "विकायच्या आधी तुम्ही शिकला असतात तर बरं झालं असतं." खरंय.

आता देण्याघेण्याचं. प्रेस घेऊन या. दांड्याचे दात झिजले असतील तर तिथल्या तिथे नवा देतो. प्रेस ठीक निघाला तर रोख परत मिळणार नाही, लोणी लागलेली वस्तू मी दुसऱ्याला विकू शकत नाही. पण माहिती आमच्याकडून चुकीची गेली, म्हणून तेवढ्याच किमतीचं दुसरं सामान न्या. प्रेसच ठेवायचा असेल तर पीठ मळून आणा, दुकानात करून दाखवतो. दुपारी 2 ते 4 गर्दी नसते. बटर पेपर मात्र घरीच ठेवा.